डोळेमामांचं ऊन

चेन्नईत उन्हाची बाजू घेणारा माणूस एकच आहे आणि तो वेस्ट मांबलममध्ये राहतो. बाकी आम्ही सगळे उन्हाच्या विरोधात आहोत. आम्ही पडदे ओढतो, छत्र्या उघडतो, रस्त्याच्या ज्या बाजूला सावली असेल त्या बाजूने चालतो, आणि मार्चनंतर कोणी भेटलं की आधी उन्हाला शिव्या देतो, मग तब्येत विचारतो. डोळेमामांसमोर मात्र उन्हाला नाव ठेवायची सोय नाही. आपल्या घरच्या माणसाबद्दल कोणी वाकडं बोलावं तसा त्यांचा चेहरा होतो. "त्यानें तुमचें काय वाईट केलें?" असं ते विचारतात, आणि समोरचा माणूस घाम पुसत राहतो.

डोळेमामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते डोळ्यांचे डॉक्टर आहेत, लहान मुलांचे चष्मे ही त्यांची खासियत, आणि मांबलमच्या निम्म्या मुलांचे ते मामा आहेत. त्यांचं घराणं तंजावरकडचं, मराठी बोलणारं. शब्द कित्येक पिढ्यांपूर्वीचे, हेल तमिळ, आणि मध्ये मध्ये अख्खे तमिळ शब्द, भातात मिरी लागावी तसे. माझे बाबा साताऱ्याकडून चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरीला आले होते. वसाहतीत डोळे तपासायचं शिबिर होतं, तिथे दोघांची गाठ पडली. बाबा म्हणाले, "डॉक्टर, तुमचं मराठी बखरीतलं आहे." मामा म्हणाले, "आणि तुमचें वर्तमानपत्रांतलें." तेव्हापासून मैत्री.

त्यांचा दवाखाना त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर आहे. तिथे पेशंटनी बसायची खोली नाही. होती, ती मामांनी बंद केली. बाकं उचलून गच्चीवर नेली. एका कोपऱ्यात छप्पर आहे, ते आजारी म्हाताऱ्यांसाठी. मुलांनी उघड्यावर थांबायचं. "थांबणें हेंच औषध," असं मामा म्हणतात, "तपासणी नंतर." खाली पंकजम मामी नावनोंदणीला बसतात. नंबर आला की त्या शाळेची जुनी पितळी घंटा वाजवतात आणि जिन्यात उभ्या राहून नाव पुकारतात. खाली उतरलेलं मूल बहुतेक वेळा धापा टाकत असतं, कारण वर पकडापकडी चालू असते, आणि त्याची आई त्याच्यामागून छत्री घेऊन उतरते. "मुलगी काळी होईल, डॉक्टर," असं एक बाई तक्रारीच्या सुरात म्हणाली होती. मामांनी तिला शांतपणे सांगितलं, "अम्मा, काळें झालेलें उतरतें. लांबलेला डोळा उतरत नाहीं."

डोळा लांबतो, हे मामांचं रोजचं कीर्तन आहे. 'चष्म्याचा नंबर वाढला' असं त्यांच्यासमोर म्हटलेलं चालत नाही. नंबर म्हणजे कागदावरचा आकडा, वाढतो तो डोळा. हे समजावताना ते टेबलावरच्या डब्यातून बोंडा, गोल बटाटेवडाच तो, काढतात. डबा रोज सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून येतो आणि त्यातला एक बोंडा शास्त्रासाठी राखलेला असतो. "डोळा असा गोल हवा," असं म्हणून ते बोंडा दाखवतात. मग तो दोन्ही बाजूंनी दाबून लांबट करतात. "याचें वांगें झालें कीं लांबचें दिसत नाहीं. आणि आंतला पडदा ताणला जातो. आतां हा बोंडा पुन्हा गोल करून दाखव." मूल प्रयत्न करतं, बोंड्याचा भुगा होतो, आणि जन्मभर लक्षात राहील असा धडा मिळतो. भुगा मामा खातात.

त्यांच्या चिठ्ठीवर पहिलं औषध नेहमी एकच: ऊन, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. त्याखाली: "सूर्याकडे पाहायचें नाहीं. सूर्यानें तुझ्याकडे पाहायचें. झाडाखाली उभें राहिलें तरी चालेल." त्याखाली थेंबांचं नाव, अगदी हलक्या ताकदीचे, झोपताना एक, ज्यांना लागेल त्यांना कडेने बारीक ठिपके असलेली नव्या तऱ्हेची भिंगं, आणि दर सहा महिन्यांनी डोळ्याचं माप. माप घ्यायचं यंत्र आहे, त्याला ते 'टेलर' म्हणतात. सगळ्यात शेवटी दोरा. दारात फुलं विकणारी बाई गजरे गुंफते, तिच्याकडचा केळीच्या सोपाचा दोरा. मामा तो मुलाच्या कोपरापासून मुठीपर्यंत मोजून तोडतात आणि त्याच्या हातात देतात. एक टोक नाकाला, दुसरं पुस्तकाला. दोरा ढिला पडला की पुस्तक फार जवळ आलं. मांबलममध्ये एखादं मूल नाकाला दोरा लावून धडा वाचताना दिसलं, तर ते कुठून आलंय हे विचारावं लागत नाही.

दवाखाना बंद झाला तरी त्यांची तपासणी बंद होत नाही. मांबलम स्टेशनवर उभे असले की शेजारच्या अनोळखी मुलाला विचारणार, "कण्णा, समोरच्या फलाटावर काय लिहिलें आहे?" एकदा एका मुलाचे वडील खवळले. तुम्ही कोण, माझ्या मुलाशी काय काम, असं तमिळमध्ये चांगलं जोरात चाललं. मामांनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कोण तें मागाहून. तो वाचूं शकला नाहीं, तें पाहिलेंत काय?" पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ मुलाला घेऊन गच्चीवर बसलेले होते.

मामा कोणालाही बरं करायचं वचन देत नाहीत. हा माणूस थांबवणारा नाही, हळू करणारा आहे. आणि हळूला त्यांचा शब्द आहे 'मेल्ल'. तमिळ शब्द, पण त्यांच्या घरात तो मराठीच समजला जातो. या शब्दाने एकदा घोटाळा केला. नाशिकहून नव्याने आलेली एक बाई, नवरा नुंगंबाक्कममधल्या ऑफिसात, मुलाला घेऊन आली. डॉक्टर मराठी बोलतात या आनंदात ती होती. मामांनी मुलाचे डोळे तपासले, माप घेतलं आणि प्रसन्न चेहऱ्याने सांगितलं, "घाबरूं नका. थेंब घाला, उन्हांत न्या. डोळा मेल्ल होईल."

"मेला?" बाई किंचाळली.

"होय, मेल्ल. दोन्ही."

बाईने मुलाला छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. पंकजम मामी कॉफी घेऊन धावल्या. मामा माझ्याकडे बघू लागले. मी तेव्हा माझ्या वर्षाच्या तपासणीसाठी तिथे बसले होते. "चांगलें सांगितलें तरी रडते काय म्हणून?" असं त्यांनी मला विचारलं. मी दोन मराठींच्या मधली दुभाषी झाले. आता भिंतीवर मामांच्या अक्षरात एक पाटी आहे: 'मेल्ल म्हणजे हळू.' शब्द मात्र त्यांनी बदललेला नाही.

माझी तपासणी दर वर्षी असते, कारण माझा नंबर उणे अकरा आहे. मी पत्रकांवर वाढले. बाबा युनियनचे, घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मागण्या पुष्कळ आणि कागद एक, म्हणून अक्षर मुंगीएवढं. सातव्या वर्षी मी मुद्रितं तपासायचे, कागद नाकाला लावून, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला खरं वाटायचं. अजूनही वाटतं. अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. आठव्या वर्षी मामांनी मला पहिला चष्मा दिला, आणि नवा चष्मा दिला की ते मुलाला गच्चीवर नेतात तसं मलाही नेलं. तिथून दोन गल्ल्यांपलीकडची पाण्याची निळी टाकी दिसते. टाकीवर पांढऱ्या रंगात आकडे आहेत. मामा विचारायचे, "टाकीवर काय आहे?" मला टाकी म्हणजे एक निळा ढग दिसायचा. पण नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा, म्हणून मी आकडे पाठ करून ठेवले होते. "दिसतं, मामा," असं म्हणून मी ते घडाघडा सांगायचे.

मामांची आणखी एक सवय सांगायला हवी. दवाखान्यात आठवड्याला एखादे तरी आईबाप येतात आणि म्हणतात, डॉक्टर, चष्मा थोडा कमी नंबरचा द्या, पूर्ण नंबर दिला तर डोळा आळशी होईल. त्यांना मामा एक गोष्ट सांगतात. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातले श्वासही मला पाठ आहेत. "एक मुलगी होती. फार हुशार. मी तिला कमी नंबर दिला. चार वर्षें दिला. डोळा थोडा उपाशी राहील, सवय करून घेईल, असें मज वाटलें. डोळ्यानें सवय केली नाहीं. डोळा लांबत गेला. म्हणून आतां पुरा नंबर. कण्णा, तुला पुरा नंबर." मला त्या मुलीबद्दल वाईट वाटायचं, आणि माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की राग येतो. एकदा मी मामांना स्पष्टच म्हणाले, "तिने तुम्हाला जाब विचारायला हवा होता."

"विचारील गो," मामा म्हणाले आणि दोरा मोजू लागले.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला, चारूला, घेऊन आम्ही तिथे गेलो. चारू आठ वर्षांची. वर्षभरात तिचा नंबर दीडवरून पावणेतीनवर गेला होता. तिच्या शाळेने मैदानावर पत्रे घालून परीक्षेचा मंडप केला होता आणि खेळाचा तास गणिताला दिला होता. या प्रकरणावर मी पत्रक लिहायला घेतलंच होतं. तपासणी झाली, मामांनी चिठ्ठी लिहायला घेतली, आणि माझा मोठा भाऊ पुढे वाकून म्हणाला, "मामा, हिला थोडा कमी द्या ना नंबर."

मी गोष्टीची वाट बघू लागले. एक मुलगी होती. पण मामांनी नुसतं पेन खाली ठेवलं.

दादाला वाटलं, त्यांना पटलं नाही. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला नव्हता का देत तुम्ही? नेहमी पाऊण-एक नंबर कमी. मीच तर आणायचो हिला आवडीहून, गाडी बदलून. मला पक्कं आठवतं."

चारू बोंड्याकडे बघत होती. मी मामांकडे बघितलं आणि मामांनी माझ्याकडे, आणि मग मी उठून जिना चढून गच्चीवर गेले.

वर दोन-तीन मुलं पळत होती. मी कठड्याशी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात पत्रक सुरू झालं. मथळा तयार होता. मुद्दे क्रमाने येत होते. चार वर्षं. पहिल्या बाकावर बसूनही न दिसलेला फळा. शेजारणीच्या वहीतून उतरवलेली गणितं. दर वर्षी थेंबांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून पडद्याची तपासणी, आणि डॉक्टर 'अजून ठीक आहे' म्हणतात तेव्हा त्यातल्या 'अजून'ची भीती. इतकं सगळं लिहून झालं आणि शेवटी, हे कोणाच्या विरोधात, तिथे मी अडले. पत्रकाला शत्रूचा पत्ता लागतो. माझ्याकडे पत्ता होता: तीच गल्ली, तेच घर, तोच जिना. त्या जिन्यावर पावलं वाजली. मामांचे गुडघे दुखतात आणि पेशंट खोळंबलेले असताना ते कधी खुर्ची सोडत नाहीत. ते वर आले, बाकावर बसले आणि बराच वेळ धापा टाकत राहिले.

"ती मुलगी मी," मी म्हणाले.

"होय गो."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"रोज सांगत होतों. तुझें नांव तेवढें सांगितलें नाहीं."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "मज तसेंच शिकविलें होतें. पुस्तकांतही तसेंच होतें, नंतर कळलें कीं उलट आहे. मी पुस्तकावर ढकलूं शकतों. अवघे ढकलतात. पण तुझा नंबर वाढतांना पुस्तकानें पाहिला नाहीं, मी पाहिला. दर सहा महिन्यांनी. आणि तरी पुस्तकाचेंच ऐकलें."

"पूर्ण नंबर दिला असता तर?"

"तरी वाढला असता. किती, मज ठाऊक नाहीं. थोडा कमी, कदाचित." ते थांबले. "तें कदाचित माझ्यापाशी राहिलें आहे."

मला खूप बोलायचं होतं. पण ज्याने आधीच सगळं कबूल केलंय, तेही रोज, अनोळखी आईबापांसमोर, त्याला जाब कसा विचारतात हे माझ्या घरातल्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. आणि मला तो निळा ढग आठवला. "मामा," मी म्हणाले, "मीही खोटं बोलायचे. मला टाकी दिसत नव्हती. आकडे पाठ केले होते."

"ठाऊक आहे," मामा म्हणाले. "एके वर्षीं टाकीला नवा रंग दिला, आकडे बदलले. तूं जुनेच सांगितलेस."

मी हसू लागले आणि मग हसणं नीट होईना. खालून पंकजम मामींनी घंटा वाजवली आणि बऱ्याच मोठ्याने डॉक्टरांचंच नाव पुकारलं.

चारूला पूर्ण नंबर मिळाला. थेंब, ठिपक्यांची भिंगं आणि दोराही. वहिनी उन्हाला तयार नव्हती. तिला मी तयार केलं, आणि माझ्या बोलण्यात मामांची वाक्यं येत होती हे मला मागाहून कळलं. शाळेचं पत्रकही लिहून झालं, तमिळमध्ये. छापण्याआधी मामांना दाखवलं. त्यांनी ते दोऱ्याच्या अंतरावर धरून वाचलं आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, अक्षर दुप्पट मोठं कर, हें वाचतांना आणखी चार मुलांचे डोळे जातील. दुसरी, मी शाळेच्या चालकांना 'मुलांच्या डोळ्यांचे मारेकरी' म्हटलं होतं, ते काढ.

"का काढू? खरं आहे ते."

"त्यांस ठाऊक नसेल. आधी सांगून पाहा. ठाऊक झाल्यावरही ऐकलें नाहीं, तर मग घाल. मी स्वतः घालीन, मोठ्या अक्षरांत."

माझ्या आयुष्यात मी पत्रकातून शब्द काढलेला तो पहिलाच. आम्ही दोघांनी शाळेच्या फाटकाशी उभं राहून पत्रकं वाटली. मामा प्रत्येक कागदाबरोबर दोराही देत होते. मंडप अजून तिथेच आहे. पण मधली सुट्टी मुलांनी बाहेर काढायची असं ठरलं आहे, आणि फाटकाजवळच्या पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली आता मुलं डबे खातात. उरलेल्या मागण्या मी सोडलेल्या नाहीत.

सहा महिन्यांनी चारूचं माप घेतलं. मामांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले, दोनदा पाहिले, मग चारूला पुन्हा यंत्रासमोर बसवलं. डोळा वाढला होता. पण आधीच्या सहा महिन्यांत जितका वाढला त्यापेक्षा पुष्कळ कमी. मामांनी चारूला उचलून खुर्चीवर उभं केलं. स्वतःचे गुडघे दुखत असताना.

"काय झालें?" त्यांनी तिला विचारलं.

"मेल्ल!" चारू ओरडली, आणि जिन्यात थांबलेल्या कुठल्याशा नव्या आईने दचकून आत पाहिलं.

यंदाच्या माझ्या तपासणीला गेले तेव्हा बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घालायच्या आधी पंकजम मामींनी मला नेहमीसारखं वर पाठवलं. माझ्या वयात उन्हाचा डोळ्याला काही उपयोग नाही. हे मला मामांनीच सांगितलं आहे. तरी मी जाते. मुलं पळत असतात, मी बाकावर बसते. मामा या वेळी माझ्या मागोमाग वर आले. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे आणि ऑपरेशन ते पुढे ढकलतात; पेशंटना कोण पाहील, म्हणतात. लहानपणीच्या त्या चार वर्षांनंतर त्यांनी मला टाकीबद्दल कधी विचारलं नव्हतं. मुलांना विचारत, मला नाही. आज ते कठड्याशी उभे राहिले, डोळे बारीक करून तिकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "टाकीवर काय आहे गो?"

मी सांगितलं. एकेक आकडा, सावकाश, बघून.

"आणि वर?"

"वर कावळा बसलाय."

"कावळा," मामा म्हणाले. त्यांना तो दिसत नव्हता, हे मला कळलं. "काय करतो?"

"काही नाही, मामा. ऊन खातोय."